समासातली लाल शाई

दुर्दानाचा राग नवऱ्यावर होता, आणि नवरा मेला म्हणून काही तो संपला नव्हता. माणूस जिवंत असला की निदान त्याच्यापुढं ताट आदळता येतं. मेलेल्यापुढं काय आदळणार? म्हणून ती भांडी घासायची. हेरातच्या तांबट आळीत तिच्या दिराचं दुकान होतं. ठोकून झालेली पातेली, तबकं, सुरया तिच्या अंगणात यायच्या आणि ती वाळू न् आंबट ताक लावून त्यांच्यावर तुटून पडायची. शेजारीण म्हणायची, "बीबी, अगं भोक पडेल तांब्याला." ती म्हणायची, "पडू दे. दीर बसलाय की बुजवायला."

नवरा उस्ता शादमान. धंद्यानं तांबट आणि नादानं शायर. गझलेच्या शेवटी आपलं नाव गुंफायचं असतं, तिथं तो 'मिसगर' असं धंद्याचंच नाव घालायचा. शेख इमादांच्या खानकाहचा, सूफींच्या त्या मठाचा, तो मुरीद म्हणजे शिष्य होता. दर गुरुवारी दुपारची नमाज झाली की तिथं मैफल बसायची, मिसगरच्या गझला गायल्या जायच्या आणि पन्नाशीचे दाढीवाले बाप्ये पोरासारखे हमसून रडायचे. अल्लाच्या विरहानं, असं म्हणायचे. आळीतल्या बायका जाळीआड बसून ऐकायच्या आणि येऊन दुर्दानाला सांगायच्या, काय भाग्याची आहेस. दुर्दाना एकदाही तिकडं फिरकली नाही. कुणी गुणगुणायला लागलं तर उठून जायची. लिहिता-वाचता तिला येत नव्हतंच, त्यामुळं नवऱ्याच्या अकरा वर्षांच्या शायरीतला एक शेर तिच्या कानी पडला नव्हता.

याचं कारण बारा वर्षांपूर्वीचं. त्यांची एकुलती एक मुलगी, शकर, सहा वर्षांची, तापानं गेली. पहाटे गेली आणि दुपारच्या आत मातीआड झाली. आता शेख इमादांच्या खानकाहत मेलेल्यासाठी रडायची बंदी. शेख म्हणायचे, मालकानं आपली ठेव परत नेली तर नोकरानं गळा काढायचा नसतो, काढला तर ते मालकाच्या नावानं खडे फोडणं झालं. तेव्हा ज्याच्या घरी मयत होईल त्या मुरीदानं त्याच दिवशी खानकाहत यायचं, दाढीला गुलाबपाणी लावून घ्यायचं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं राहून गिरक्या घ्यायच्या. शादमान गेला. परत आला तेव्हा दाढीला गुलाबाचा वास होता आणि नखांत कबरीची माती होती. दुर्दानानं दोन्ही बघितलं.

"मुलीला मातीत घातलंत आणि नाचून आलात," ती म्हणाली.

तो पानावर बसला. जेवला. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली. पुढं अकरा वर्षांत त्या घरात त्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, की शकरचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. मग तिनंही काढलं नाही. कशाला काढेल? दगडापुढं कोण रडत बसतं? गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तो मेला, तेव्हा खानकाहवाल्यांनी त्याला आपल्या अंगणात मानानं पुरलं, आणि ती कोरड्या डोळ्यांनी भांडी घासायला बसली.

त्या मंगळवारी सकाळी ती एक मोठं पातेलं उपडं घालून घासत होती तेव्हा ख्वाजा नेमत आला. हा शेखांचा लेखनिक. पस्तिशीचा, वाळलेल्या जर्दाळूसारखा, बोटं कायम शाईनं माखलेली. काखेत रुमालात बांधलेलं पुस्तक होतं.

"बीबी, उस्तांचा दिवान, गझलांची सगळी वही, धुवायला निघालेत," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"कोण?"

"जामे मशिदीत प्रवचन देणाऱ्या खतीबानं काझीकडं तक्रार केलीय. म्हणे पानोपानी दारू, ती ओतणारी साकी, ओठ, केसांच्या बटा. म्हणे या तांबटाचं ऐकून माणसं गुत्त्याची वाट धरतात. उद्या सुनावणी आहे. काझीनं हो म्हटलं तर पानं हौदात बुडवून शाई काढून टाकतील."

"मग धुवा की. पाणी कमी पडलं तर माझ्या विहिरीचं न्या."

नेमत पायरीवर मटकन बसला. "असं बोलू नका. ही एकच प्रत आहे. उस्तांच्या हातची. वर्षभर माझ्याकडं होती, मी तिच्यावर भाष्य लिहीत होतो, अजून नक्कल केलेली नाही. ही गेली की सगळं गेलं."

"माझं काय जाणार आहे त्यात?"

"काझी म्हणतात, मेलेला माणूस काय प्यायचा, कुणाच्या नादी होता, ते घरच्या माणसानं येऊन सांगावं. म्हणून आलोय. तुम्ही फार बोलायचं नाही. दारू म्हणजे ज्ञान, साकी म्हणजे पीर, आणि ती जी सखी आहे ती म्हणजे अल्ला. उस्तांनी मला घरात असंच सांगितलं, एवढं म्हणायचं."

"मला घरात त्यांनी मीठ कमी आहे एवढंच सांगितलं."

"बीबी, पाया पडतो तुमच्या."

"मी खोटी शपथ घ्यायची. कुणासाठी, तर ज्यानं पोरीसाठी एक आसू गाळला नाही त्याच्या नावासाठी. जा तू, ख्वाजा. माझं ताक वाळतंय."

पण नेमत चिकट माणूस. त्यानं रुमाल सोडला. काळ्या शाईत शादमानचे शेर होते, आणि चारी बाजूंच्या समासात लाल शाईत नेमतनं लिहिलेले त्यांचे अर्थ होते, दाट, मुंग्यांची रांग लागावी तसे. "नुसतं ऐका तरी," तो म्हणाला, "काझीनं एखादा शेर विचारला तर कोऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहाल." आणि तिनं हाकलायच्या आत वाचायला लागला.

दुर्दाना घासत राहिली. दोन शेर झाले, तीन झाले. दारू, प्याला, काय न् काय. तिच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"हा बघा, हा खतीबाला फार झोंबलाय," नेमत म्हणाला आणि वाचलं:

*तिच्या हनुवटीवरचा काळा तीळ मी रोज संध्याकाळी पुसतो,*
*आणि रोज सकाळी तो परत उगवतो.*

"तीळ म्हणजे एकत्वाचा बिंदू," त्यानं समासावर बोट ठेवलं. "साधक रोज त्याला विसरतो, आणि तो रोज नव्यानं प्रकट होतो."

दुर्दानाचा हात थांबला. "पुसला जाणारा तीळ?"

"तेच तर रहस्य आहे."

"पुढं वाच."

*उजव्या पायात डावा जोडा घालून आली माझी साकी,*
*अर्धा प्याला वाटेत सांडला, उरलेल्या अर्ध्यात मी बुडालो.*

"इथं बघा काय बहार आहे," नेमत रंगात आला. "उलटे जोडे म्हणजे बुद्धीला उलटंपालटं करणारी कृपा. अर्धा प्याला सांडला, म्हणजे ज्ञानाचा अर्धा भाग या जगाच्या धुळीत..."

"गप," दुर्दाना म्हणाली.

तिनं ताकाचे हात तसेच ओढणीला पुसले. घर आणि भट्टीच्या मधे पंचवीस पावलांचं अंगण होतं. उन्हाळ्यात शकर दिवसातून दहा वेळा छोट्या वाडग्यातून बापाला पाणी न्यायची. जोडे कायम उलटे. सांगून सांगून दुर्दानाचं तोंड दुखलं, पण ती पोरगी ऐकेल तर शपथ. अर्धं पाणी अंगणात, अर्धं बापाला. आणि भट्टीशी जाऊन काजळीचा हात तोंडाला लावून यायची, हनुवटीवर ठिपका. संध्याकाळी बाप आपल्या सदऱ्याच्या टोकानं तो पुसायचा.

"अजून वाच," ती म्हणाली. "ते ओठांचं काय म्हणतात, ते वाच."

नेमतचा आवाज आता जरा उतरला होता.

*तीन दिवस तिचे ओठ लाल निखारा होते, मी वारा घालत बसलो.*
*मिसगर, जन्मभर भाता ओढलास, आणि विझवायला शिकला नाहीस.*

"लाल ओठ म्हणजे," त्यानं हळूच सुरुवात केली, "संजीवक वचन..."

"ताप होता तो." दुर्दाना उठून उभी राहिली. "तीन दिवस ताप होता. ओठ फुटून रक्त येत होतं पोरीच्या. हा उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होता, मी पायाशी होते. कुणी लिहिलंय हे लाल?"

"मी. वर्ष लागलं मला."

"वर्षभर मांडी घालून बसलास आणि माझ्या पोरीच्या काजळीचा बिंदू केलास? तिच्या जोड्यांची कृपा केलीस? एवढा शिकलास, ख्वाजा, पण घरात कधी लेकरू बघितलंच नाहीस का तू? दारू आणणारा कुठला गुत्तेवाला उलटे जोडे घालून येतो?"

नेमत पुस्तकाकडं बघत बसला. पानं उलटायला लागला, पुढं, मागं, परत पुढं. लाल अक्षरं तीच होती, पण त्याला आता ती वाचवत नसावीत. "अकरा वर्षं," तो म्हणाला, "अकरा वर्षं आम्ही हे गातोय."

दुर्दानाला वाटलं होतं की असं काही कळलं तर माणसाचा राग निवतो. कसला निवतोय? दुप्पट झाला. म्हणजे हा माणूस रडत होता. रोज रडत होता, तांब्यावर ठोके घालत घालत, आणि शेजारी पंचवीस पावलांवर बायको आहे, तीही त्याच पोरीची आई आहे, हे त्याला सुचलं नाही. सगळ्या हेरातला रडवलं, आणि घरात मीठ कमी आहे म्हणाला. आणि मी तरी काय केलं, तिच्या मनात आलं. एक वाक्य बोलले आणि अकरा वर्षं तोंड फिरवून बसले. एकदा, एका संध्याकाळी, त्याच्या शेजारी बसून विचारलं असतं तर माझी जीभ झडली असती का? तिनं पातेल्याला लाथ मारली. ते गडगडत विहिरीपर्यंत गेलं.

"येते मी उद्या," ती म्हणाली.

ती काय बोलणार ते नेमतच्या ध्यानात आलं. "बीबी, ऐका. तिथं मुलीचं नाव काढू नका. काझीला ते खरं वाटणार नाही, आणि शेख क्षमा करणार नाहीत. ज्यांना रडायची बंदी आहे त्यांना तुमच्या नवऱ्यानं अकरा वर्षं तांबटाच्या पोरीसाठी रडवलं, असं होईल ते. अल्ला म्हणा. दोघंही गप्प बसतील. पुस्तक वाचेल."

"पुस्तक वाचेल. आणि त्यात शकर राहील का?"

"कागदावर राहील."

"तुझ्या लाल शाईखाली."

नेमत पुस्तक रुमालात बांधून निघून गेला.

बुधवारी काझीच्या ओसरीवर माणूस मावत नव्हता. अर्धी तांबट आळी, सगळी खानकाह, आणि ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे. काझी म्हातारा, गुडघेदुखीचा. एक पाय लांब करून चोळत बसला होता. एका बाजूला खतीब, दुसऱ्या बाजूला शेख इमाद, ताठ, पांढऱ्या लोकरीच्या झग्यात, सत्तरीचे पण कणा कुठं वाकलेला नाही. दुर्दाना चादर ओढून खांबाशी उभी राहिली.

खतीबानं शेर वाचले, प्रत्येक शेरानंतर एकदा छताकडं बघितलं. काझीनं विचारलं, "बाई, तुमचा नवरा दारू प्यायचा?"

"ताक प्यायचा. आणि पाणी."

"मग ही साकी कोण?"

मागून नेमत खोकला. शेखांनी मानही वळवली नाही. त्यांना उत्तर माहीतच होतं.

"माझी मुलगी," दुर्दाना म्हणाली. "शकर. सहा वर्षांची होती. बापाला भट्टीवर पाणी न्यायची. तापात गेली, त्याला बारा वर्षं झाली."

ओसरीवर कुजबुज उठली. खतीब हसला. "काझीसाहेब, ओठ, तीळ, बटा, हे सगळं मुलीबद्दल? बाई नवऱ्याची अब्रू झाकतेय."

"तुम्ही वाचा परत तो जोड्यांचा," ती म्हणाली. "वाचा की. आता का घसा बसला? आणि तीळ पुसला जातो का कधी, सांगा मला. काजळी पुसली जाते. तीन दिवस लाल ओठ, चौथ्या दिवशी काय झालं, ते त्यानं लिहिलंच नाही. मी सांगते काय झालं. चौथ्या दिवशी मी तिला न्हाऊ घातलं आणि हा तिला घेऊन गेला. दारूबद्दल असं लिहितं का कुणी? तुमच्यात प्यायलेला कुणी असेल तर त्यानं सांगावं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काझीनं पुस्तक मागून घेतलं. डोळ्यांजवळ धरून तो शेर स्वतःशीच वाचला. मग बराच वेळ गुडघा चोळत राहिला.

"माझी नात घालते उलटे," तो शेवटी म्हणाला. "सांगून ऐकत नाही." त्यानं पुस्तक मिटलं. "यात दारू नाही. धुवायचं काही कारण मला दिसत नाही. उठा सगळे."

दुर्दाना निघायला वळली, तोच शेख इमाद उभे राहिले.

"काझीसाहेब, तुमचा निकाल झाला. आता माझा ऐका. हा दिवान शादमाननं खानकाहला वाहिलाय, शंभर जणांसमोर. आमची वस्तू आहे. आणि मी तो धुणार आहे."

आत्तापर्यंत तो वाचवायला बसलेला हाच माणूस.

"दारूचा आरोप मला पुसता आला असता," शेख म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कोपऱ्यापर्यंत ऐकू जात होता. "हे मला पुसता येत नाही. मी ज्याला अल्लाची ओढ समजलो ती एका मुरीदाची चोरून केलेली तक्रार होती. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच मैफलीत, अकरा वर्षं त्यानं आम्हा सगळ्यांना आपल्या मयताला बसवलं. मी तीन मुलगे एका आठवड्यात पुरलेत, साथ आली होती तेव्हा. माझ्या पापणीला ओल आली नाही. आणि या तांबटानं मला रडवलं. एका पोरीसाठी."

"मग बिघडलं काय?" दुर्दाना म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "रडलात तर झडलात का? तुमच्याकडं शब्द पाठ होते, त्याच्याकडं मुलगी होती. म्हणून त्याच्या गझलेनं पाणी काढलं."

"बाई, सांभाळून," खतीब म्हणाला. आता त्यालाही शेखांची बाजू बरी वाटायला लागली होती.

तिनं काझीकडं बघितलं. काझीनं डोळे खाली केले. "खानकाहची वस्तू आहे, बीबी. त्यात मला पडता येत नाही."

बाहेर रस्त्यावर नेमत तिच्या मागं मागं आला. "सांगितलं होतं मी," तो म्हणाला, आणि तिनं वळून बघितलं तेव्हा पुढचं बोलायची त्याची हिंमत झाली नाही. पण ते बरोबर होतं. तिच्या तोंडानं ती पोरगी पुस्तकात सापडली, आणि तिच्याच तोंडानं आता पाण्यात जाणार होती.

गुरुवारी नमाज सुटल्यावर ती खानकाहत शिरली. बायकांच्या जाळीआड नाही, सरळ मोठ्या दारानं, पुरुषांच्या अंगणात. दारावरचा म्हातारा अडवायला उठला आणि तिचं तोंड बघून परत बसला. तुतीच्या झाडाखाली हौद होता. त्याच्याभोवती चाळीस-पन्नास मुरीद बसले होते, नेहमीसारखे गोल करून, मांडीला मांडी लावून. पण आज डफ नव्हता की बासरी नव्हती. शेख हौदाच्या काठाशी उभे होते. नवऱ्याची कबर त्यांच्यापासून दहा पावलांवर होती. दुर्दाना तिच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"सफर," शेखांनी हाक मारली, "घे आणि धू."

सफर कसाई उठला. दांडगा गडी, हात पोळपाटाएवढे. त्यानं नेमतच्या हातून पुस्तक घेतलं, हौदापाशी गुडघे टेकले, बाह्या वर केल्या आणि तसाच राहिला.

"सफर."

"पीरसाहेब, हे हात रोज रक्तात असतात," सफर म्हणाला. "पण हे नाही जमत. मी त्या ओठांच्या शेराला दर वेळी रडायचो. तुम्ही म्हणायचात, सफरला फार वरचा मुक्काम लाभलाय. मी काय सांगू? माझा धाकटा भाऊ आठवायचा मला. तोही तापातच गेला. मी गिरक्या घेतल्या होत्या तेव्हा. मी कधी बोललो नाही."

गोलात पलीकडून कुणीतरी, मान खाली घालूनच, म्हणालं, "माझी आई." मग आणखी एकजण. मग एका वेळी दोघं-तिघं बोलायला लागले, चोरी कबूल करावी तसे, एकमेकांकडं न बघता. एक विणकर म्हणाला, त्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि बाळही. त्याच्या शेजारचा त्याच्याकडं वळून बघायला लागला. वीस वर्षं तो त्याच्या शेजारी बसत होता.

तुम्हाला वाटेल दुर्दानाला बरं वाटलं असेल. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वा," ती म्हणाली. "वा रे मर्दांनो. अकरा वर्षं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून रडलात. एकमेकांच्या दाढीला गुलाबपाणी लावलंत. आणि एकानंही शेजारच्याला विचारलं नाही, बाबा रे, तू कुणासाठी रडतोयस? माझा नवरा इथं दर गुरुवारी येत होता. एकानं विचारायचं होतं. एकानं. तो घरी येऊन मला सांगायच्या लायकीचा राहिला असता."

शेख इमाद पुढं आले. त्यांनी सफरच्या हातून पुस्तक काढून घेतलं. "मी धुतो," ते म्हणाले. म्हातारे गुडघे वाकवून ते हौदाच्या काठावर बसले आणि त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते बरोबर करताहेत, आणि दुर्दानाला त्याचीच सगळ्यात जास्त चीड आली.

ती हौदाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांच्या समोर बसली. मधे पाणी.

"धुवा," ती म्हणाली. "पुस्तक तुमचं, हौद तुमचा. पण धुण्याआधी एक सांगा. तुमच्या त्या तीन मुलांची नावं काय होती?"

शेखांनी वर बघितलं. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "ते अल्लाकडं आहेत," ते म्हणाले. "नावांचं तिथं काय काम?"

"माझी शकर. ती पण तिथंच आहे, आणि तिला नाव आहे. मी काल काझीपुढं घेतलं. तुमच्या मुलांची सांगा."

शेखांनी पुस्तक मांडीवर टेकवलं. बाईच्या नादी लागायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, पण पन्नास माणसं बघत होती, आणि नाव सांगण्यात काय एवढं?

"मोठा जियाउद्दीन," ते म्हणाले. "मधला हुमाम."

मग ते थांबले.

सगळे वाट बघत होते. पाण्यात एक पिकलेली तुती पडली. शेखांच्या कपाळावर आठी आली, रोजची वस्तू रोजच्या जागी सापडू नये तशी. त्यांनी ओठ हलवले. "धाकटा," ते म्हणाले. "धाकटा..."

त्यांनी डोळे मिटले. परत उघडले. नेमतकडं बघितलं, आणि नेमतनं मान हलवली. तो तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. मग त्यांनी गोलाकडं बघितलं, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, घाईघाईनं, म्हाताऱ्यांच्या तोंडांवर जास्त वेळ. त्या काळचं तिथं कुणी उरलं नव्हतं. आणि शेखांनी स्वतः चाळीस वर्षांत ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

"चार वर्षांचा होता," शेख म्हणाले. "त्याला... थांबा. थांबा जरा. सांगतो मी."

दुर्दाना थांबली. पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं आणि त्यांचं त्याकडं लक्ष नव्हतं. त्यांचा ताठ कणा आता पाण्यावर वाकला होता. दुर्दाना उठली, हौदाला वळसा घालून आली आणि तिनं त्यांच्या मांडीवरून पुस्तक उचललं. कुणी तिला अडवलं नाही. शेखांनीही नाही. ते एकेक अक्षर घेऊन बघत होते, पुटपुटत, लहान मुलाला धडा आठवत नाही तसे.

तिचा राग गेला नव्हता. पण तिनं दाराकडं पाऊल टाकलं नाही. पुस्तक छातीशी धरून ती तिथंच उभी राहिली, कारण तिलाही ते नाव ऐकायचं होतं. दुपार टळली, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अस्रची बांग झाली, तरी कुणी उठलं नाही. म्हातारा अजून आठवतच होता.